'गिफ्ट' म्हणजे भेट, विष की लग्न? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकवताना दर बॅचला पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी हात वर करतं: "जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, हे खरं का?" खरं आहे. पण नुसतं 'हो' म्हणून सुटका होत नाही, कारण वर्गात कुणाचा तरी भाऊ स्टॉकहोममध्ये असतो आणि तो म्हणालेला असतो की तिकडे गिफ्ट म्हणजे लग्न. मग ईमेल सुरू होतात. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे फिरतात ते जी, आय, एफ, टी या चार रोमन अक्षरांभोवती. उच्चार मात्र जिथला तिथल्यासारखा लिहिला आहे. तो का बदलतो ते प्रश्न ७ मध्ये.

१. आधी थोडक्यात सांगा, कोणत्या भाषेत काय अर्थ?

इंग्रजीत भेटवस्तू. जर्मनमध्ये विष. डचमध्ये देणगी. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्हींत दोन अर्थ एकाच घरात नांदतात: नाम असेल तर विष, विशेषण असेल तर 'लग्न झालेला' किंवा 'लग्न झालेली'. आइसलँडिकमध्ये हे रूप विशेषण म्हणून बाईला लागतं, 'तिचं लग्न झालंय' अशा अर्थाने; एकटा पुरुष असेल तर 'गिफ्तुर' होतं. विषाला आइसलँडिकमध्ये वेगळाच जुना शब्द आहे, 'एय्तुर'. त्याचा जर्मन भाऊ 'आयटर' म्हणजे जखमेतला पू.

२. हे सगळे एकाच शब्दातून आले, की नुसता योगायोग?

एकाच. या सगळ्या जर्मानिक कुळातल्या भाषा, आणि त्यांचं 'देणे' हे क्रियापद एकच: इंग्रजीत गिव्ह, जर्मनमध्ये गेबेन, डचमध्ये खेवेन. त्याला नाम करणारा 'टी' जोडला की 'देणं' किंवा 'दिलेलं ते' असा अर्थ होतो. इंग्रजी 'ड्राइव्ह'पासून 'ड्रिफ्ट' झालं तीच रीत. आपण 'देणे'पासून 'देणगी' केलं तसंच म्हणा.

म्हणजे भेट, विष आणि लग्न हे तिन्ही अर्थ 'दिलं' या एका क्रियेतून निघालेले आहेत. भेटीचं कुणाला सांगावं लागत नाही. लग्नासाठी प्रश्न ३, विषासाठी प्रश्न ४.

३. देण्यातून लग्न कसं काय निघालं?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की मला गंमत वाटते, कारण उत्तर त्याच्या स्वतःच्या घरात असतं. कार्यालयात पंगतीला शेजारी बसलेल्या मावशी विचारतात, "थोरली कुठे दिली तुमची?" आणि उत्तर येतं, "सांगलीला दिलीय." दोघींपैकी कुणालाही 'लग्नात' हा शब्द उच्चारावा लागत नाही. मुलगी 'दिली' म्हणजे लग्न करून दिली. कन्यादानातलं दानही तेच.

स्वीडिशमध्ये नेमकं हेच झालं. 'यिफ्ता' हे क्रियापद मुळात बापाचं: मुलगी देणे. तिथल्या जुन्या कायद्यात 'यिफ्तुमान' नावाचा एक माणूस असे. मुलगी कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क ज्याला तो यिफ्तुमान, आणि तो बहुधा बापच. 'यिफ्त' म्हणजे दिलेली. सुरुवातीला हे विशेषण बाईलाच शोभणारं होतं. पुढे क्रियापद स्वतःकडे वळलं, 'स्वतःला देणे' म्हणजे लग्न करणे असं झालं, आणि मग पुरुषही यिफ्त होऊ लागले. आज स्वीडनमधला नवरा "मी यिफ्त आहे" म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो "मला दिलेलं आहे" असं म्हणत असतो.

मराठीत ही उलथापालथ झाली नाही. आपल्याकडे मुलगी देतात आणि सून करून आणतात. मुलगा दिला म्हटलं तर तो दत्तक दिलेला असतो, आणि 'दत्तक' या शब्दाचाही मूळ अर्थ 'दिलेला' हाच.

४. बरं, लग्न पटलं. पण विषाचा देण्याशी काय संबंध?

यात ग्रीकांचा हात आहे. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्य रोग्याला एका वेळी जेवढं औषध 'देतो' ते दोसिस. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तिथून युरोपभर पसरला. आपला 'डोस' तोच. जर्मन भाषकांनी त्याचा शब्दशः तर्जुमा केला: देणं, म्हणजे गिफ्ट. जुन्या जर्मनमध्ये गिफ्टचा अर्थ देणं आणि भेट असाच होता, त्याच्या शेजारी हा वैद्यकीय अर्थ येऊन बसला.

आता माणसाला विष घालणाऱ्याबद्दल लोक उघड बोलत नाहीत. आपल्याकडेही "त्याला विष घातलं" म्हणण्याआधी गाव कुजबुजतं, "त्याला काहीतरी दिलं म्हणे." काय दिलं ते सगळ्यांना कळतं. जर्मन गिफ्टचं तसंच झालं. आडून बोलण्यासाठी घेतलेला शब्द वापरून वापरून सरळच झाला, आणि अखेर 'विष' हाच त्याचा उघड अर्थ उरला.

अजून विश्वास बसत नसेल तर घरातल्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात बघा. तिथे 'उंदराचं औषध' असतं. उंदराला बरं करणारं नव्हे! शेतकरी कपाशीवर 'औषध मारतो' तेही औषध किडीसाठी नसतंच, किडीवर असतं. औषध हा शब्द मराठीत विषापर्यंत पोचतो आणि आपल्याला खटकतही नाही.

सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याचं एक वचन प्रसिद्ध आहे. सगळ्याच वस्तू विष आहेत, विष नसणं हे फक्त मात्रेवर ठरतं, असा त्याचा आशय. त्याने ते जर्मनमध्ये लिहिलं, आणि त्यात 'गिफ्ट' आणि 'डोसिस' दोन्ही शब्द आहेत. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, देणं. एका देण्याने दुसरं देणं ठरतं, असं ते वाक्य व्युत्पत्तीच्या चष्म्यातून दिसतं.

५. मग जर्मन लोक भेटीला काय म्हणतात?

'गेशेंक'. 'शेंकेन' म्हणजे भेट देणे. पण याचा जुना अर्थ होता पेल्यात पेय ओतून देणे, आणि 'आइनशेंकेन' हे क्रियापद आजही त्याच अर्थाने चालतं. पाहुण्याच्या पेल्यात ओतणं हा पाहुणचार, पाहुणचारातून भेट.

आता उलटा प्रवास बघा. लॅटिनमध्ये 'पोतिओ' म्हणजे पिणं, पेय. त्यातून फ्रेंच 'प्वाझों' आणि इंग्रजी 'पॉयझन' निघाले, म्हणजे विष. जर्मनमध्ये ओतण्याची भेट झाली आणि देण्याचं विष झालं. इंग्रजीत पिण्याचं विष झालं आणि देण्याची भेट झाली. ही अदलाबदल मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात आवडती गोष्ट वाटते. फळ्यावर चार बाण काढून दाखवली की वर्ग हमखास जागा होतो.

६. जर्मनमध्ये 'देणं' हा जुना अर्थ पूर्ण मेला का?

एका कोपऱ्यात जिवंत आहे: 'मिटगिफ्ट'. मिट म्हणजे सोबत. मुलीच्या सोबत दिलेलं ते मिटगिफ्ट. शब्दकोशात याला 'हुंडा' लिहितात, आणि चूक म्हणता येणार नाही, पण मला 'आंदण' जास्त जवळचं वाटतं. हुंडा वरपक्षाच्या हातात मोजून जातो, आंदण मुलीबरोबर जातं. मिटगिफ्ट हे मुलीच्या माहेराहून तिच्याबरोबर आलेलं धन.

लिंगावरूनही ओळख पटते. विष या अर्थी गिफ्ट आज नपुंसकलिंगी आहे, मिटगिफ्ट मात्र जुनं स्त्रीलिंग धरून आहे. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात पुल्लिंगी गिफ्टही ऐकू येतो, त्याचा अर्थ राग. तीन लिंगं, तीन अर्थ. विद्यार्थी इथे वही मिटतात.

'देणं' या अर्थाचं दुसरं नाम 'गाबे' हेही शाबूत आहे: देणगी, अंगची कला, आणि डॉक्टरांच्या भाषेत औषध देणं. म्हणजे रुग्णालयात शेवटी गाबेनेच जुन्या गिफ्टची जागा घेतली.

७. उच्चार सगळीकडे 'गिफ्ट'च का?

अजिबात नाही, आणि 'एकच शब्द' म्हणणाऱ्यांना मी इथे अडवतो. एक आहे ते कागदावर. जर्मन आणि डॅनिश उच्चार आपल्या गिफ्टच्या जवळ आहेत. डचमध्ये जी घशातून घासून येतो, साधारण 'खिफ्त' (कोल्हापुरी ठसक्यात खाकरल्यासारखा, असं मी सांगतो आणि कोल्हापूरचे विद्यार्थी रागावतात). स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये आय या स्वरापूर्वी जी मऊ होऊन 'य' होतो, म्हणून 'यिफ्त'. देवनागरीत लिहिलं की हे तीन वेगळे शब्द दिसतात. घोटाळा डोळ्यांचा आहे, कानांचा कमी.

८. इंग्रजीत तरी पहिल्यापासून 'भेट' हाच अर्थ होता ना?

नाही. जुन्या इंग्रजीत हाच शब्द होता, उच्चार स्वीडिशसारखा 'यिफ्त', आणि अर्थ वधूसाठी दिलेलं मूल्य. अनेकवचनात तर सरळ 'लग्न'. पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या भाषेतलं रूप वरचढ ठरलं. कडक 'ग' त्यांचा. विषाचा अर्थ इंग्रजीत कधी आलाच नाही.

९. डचमध्ये देणगी आणि विष वेगळे कसे ओळखायचे?

देणगी 'खिफ्त', विष बहुधा 'खिफ' किंवा 'फेरखिफ', टी गळालेलं. सोपं वाटतं, पण 'विषारी' म्हणताना टी परत येतो: 'खिफ्तिख'. जुन्या मजकुरात विषालाही टी सापडतो. तेव्हा उपपद पाहावं, देणगीला 'दे', विषाला 'हेत'.

खरी चकवणारी जोडी पुढे आहे. 'फेरखिफ' म्हणजे विष आणि 'फेरखिफेनिस' म्हणजे क्षमा. क्रियापद 'फेरखेवेन' तर क्षमा करणे आणि विष घालणे या दोन्ही अर्थांनी कोशात आहे. रोजच्या बोलण्यात ते क्षमेसाठीच येतं, त्यामुळे घाबरू नका.

१०. स्वीडनमध्ये "तुमचं लग्न झालंय का?" हा प्रश्न "तुम्ही विष आहात का?" असा ऐकू येतो का?

येत नाही. विष हे नाम असल्यामुळे त्याच्या मागे 'एत' हे उपपद येतं, 'एत यिफ्त'. लग्न झालेला हे विशेषण, ते उपपदाशिवाय येतं आणि अनेकवचनात 'यिफ्ता' होतं. वाक्यात गल्लत होत नाही.

विनोद मात्र होतात. लग्न आणि विष एकाच शब्दात असल्याचा विनोद तिकडच्या प्रत्येक काकाने केलेला असतो. तुम्ही नव्याने शोधून सांगू नका, समोरचा केवळ सौजन्याने हसेल.

११. 'ऊयिफ्त' म्हणजे बिनविषारी ना? डब्यावर लिहिलेलं असतं का?

'ऊ' हा आपल्या 'अ-'सारखा नकारार्थी उपसर्ग आहे हे बरोबर ओळखलंत, पण 'ऊयिफ्त' म्हणजे अविवाहित. डब्यावर शोधायचा शब्द 'यिफ्तफ्री', विषमुक्त. 'ऊयिफ्त' तुम्हाला सरकारी कागदावर भेटेल, वैवाहिक स्थितीच्या रकान्यात. नवविवाहित 'नीयिफ्त'. विषाशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

भाषांतराच्या ॲपला असा सुटा शब्द दाखवला की ते काहीही निवडू शकतं. पूर्ण ओळ दाखवा.

१२. मुलगी म्युनिकला असते. दिवाळीचा फराळ पाठवतोय, खोक्यावर 'गिफ्ट' लिहू की नको?

कुणी पोलीस बोलावणार नाही. जर्मन माणसाला इंग्रजी गिफ्ट माहीत असतं, आणि पत्ता व बाकीचा मजकूर इंग्रजीत असला की तो इंग्रजीच वाचतो. टपालाच्या जकात अर्जावरही 'भेट' या पर्यायासमोर इंग्रजी गिफ्ट आणि फ्रेंच 'कादो' छापलेलं असतं, कारण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. तिथे खूण करा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत नुसता तेवढा एकच शब्द रंगवण्याऐवजी 'गेशेंक' लिहिलंत तर बरं. चकल्यांच्या डब्यावर विष लिहिल्यासारखं दिसू नये एवढंच. आत काय आहे ते मात्र पदार्थाच्या नावासकट नीट लिहा. अडतं ते तिथे.

१३. 'गिफ्ट' आणि आपलं 'देणे' यांचं मूळ एक आहे का?

नाही. जर्मन गेबेन आणि संस्कृत 'दा' हे वेगवेगळे धातू. पण प्रश्न ४ मधला 'डोस' मात्र आपला सख्खा: ग्रीक दोसिस आणि संस्कृत दान एकाच मूळ धातूवर बेतलेले आहेत, लॅटिन 'दोनुम' म्हणजे भेट हाही त्यातलाच. तेव्हा आई उपदेशाचे डोस पाजते तेव्हा शब्दाच्या मुळाशी दानच करत असते.

१४. जर्मनमध्ये 'यावर तू विष घेऊ शकतोस' असं कुणी म्हटलं तर काय समजायचं?

त्याला खात्री आहे, एवढंच. आपण "लिहून देतो" म्हणतो त्या जागी ते म्हणतात. दुसरा वाक्प्रचार 'विष आणि पित्त थुंकणे'. हा मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, आपण गरळ ओकतोच.

१५. असे आणखी शब्द सांगा ना.

भरपूर आहेत, पण बहुतेक गिफ्टसारखे एका मुळाचे नसतात. 'बुर्रो' इटालियनमध्ये लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव. दोन निराळे लॅटिन शब्द झिजून सारखे झाले. 'बार्न' इंग्रजीत धान्याचं कोठार, मुळात 'जवाचं घर'; स्वीडिशमध्ये मूल. 'मिस्ट' इंग्रजीत धुकं, जर्मनमध्ये शेणखत. 'पापा' लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्ये बटाटा (मूळ केचुआ भाषेतलं), इटालियनमध्ये पोप, रशियनमध्ये वडील, आणि मराठीत आजी नातवाकडे मागते तो.

अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोज आमी', म्हणजे खोटे मित्र, म्हणतात. १९२८ साली फ्रान्समध्ये याच नावाखाली इंग्रजी-फ्रेंच शब्दांचं एक पुस्तक आलं आणि नाव टिकलं. गिफ्टला मी खोटा मित्र म्हणणार नाही. तो वेगवेगळ्या गावी दिलेल्या बहिणींसारखा आहे, आडनावं बदललेली, चेहरा तोच.

१६. आपल्याकडे असं उदाहरण आहे का?

'शिक्षा'. संस्कृत आणि हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. हिंदी पट्ट्यातल्या कार्यालयावर 'शिक्षा विभाग' वाचून मराठी माणूस पहिल्यांदा दचकतोच. शिकवण्यातून मारण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला असेल, हे ज्याने मराठी शाळेत पाढे पाठ केलेत त्याला विचारा.

१७. स्वीडिशमध्ये 'भेट'ला काय म्हणतात? आणि ते खरंच 'गोवा' आहे का?

रोजची भेटवस्तू 'प्रेसेंत', फ्रेंचमधून घेतलेली. थोडी भारदस्त, देणगीवजा भेट असेल तर 'देणे'पासूनचाच शब्द, आणि त्याचा उच्चार हो, 'गोवा' असाच आहे. पणजीशी काही नातं नाही.

१८. मुलाच्या जर्मन शाळेच्या अर्जात त्याला 'गिफ्टेड' लिहायचं आहे. 'गिफ्टिग' चालेल?

कृपा करून नको. 'गिफ्टिग' म्हणजे विषारी, आणि माणसाबद्दल म्हटलं तर खवचट, डूख धरून बोलणारा. शेवटी 'एट' लावून 'फेरगिफ्टेट' केलंत तर 'विषबाधा झालेला'. तुम्हाला हवा आहे तो 'बेगाब्ट', प्रश्न ६ मधल्या गाबेपासूनचा. एका पालकांनी अर्ज पाठवल्यावर हा प्रश्न विचारला होता. मी त्यांना दुसऱ्याच दिवशी शाळेला फोन करायला सांगितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही आधीच दुरुस्त केलंय."